वांग्याच्या भाजीची चव आणि माझे जिवाणू

५ जानेवारी
पोट फुगलेलं. आंबट ढेकर चालूच. लोणारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्यातले चांगले जिवाणू कमी झालेत. म्हणजे चूक माझी नाही, आत स्टाफ कमी आहे. संक्रांतीनंतर भंडारा. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांसोबतची वांग्याची भाजी मी चाखून हो म्हटल्याशिवाय आमच्या बीबी गावात पंगत बसत नाही. हा मान गेला तर माझं गावात राहिलं काय? आजपासून ताक आणि मुगाची खिचडी. तिखट बंद.

६ जानेवारी
ठेचा खाल्ला. थोडाच. एकदम बंद केलं तर जिवाणूंना शॉक बसेल.

९ जानेवारी
मोबाइलवर पाहिलं. खाण्यात जितकी व्हरायटी, तितके जिवाणू वाढतात. म्हणून स्टँडवर कचोरी, मग मिरचीभजी, मग मिसळ. बायको म्हणाली, नाव जिवाणूचं अन् चोचले जिभेचे. आशाला सायन्स कळत नाही.

१२ जानेवारी
पहाटेपासून चकरा. जुना खराब माल बाहेर पडतोय, लक्षण चांगलं आहे. शेजारचा इंद्रभान तब्येत पाहायला आला. म्हणे, वामनभाऊ, यंदा भाजी मी चाखू का? म्हटलं, तुले तिखटातलं काय समजते बे?

१८ जानेवारी, संध्याकाळ
भंडारा झाला. सकाळी कढईजवळ गेलो, वाटीभर भाजी चाखली. अगदीच मिळमिळीत. अजून तिखट टाका म्हणायला तोंड उघडलं आणि पोटात अशी कळ आली की धोतर सावरत घराकडे पळालो. परत जाता आलं नाही. तिखट राहूनच गेलं. लोक पानावरून उठले असतील. बिचाऱ्यांचं माझ्यावाचून कसं व्हायचं!

१९ जानेवारी
इंद्रभानची आई कौशल्याबाई सांगून गेली. लोकांनी भाजी मागून मागून खाल्ली, कढई पुसून काढली. अन् यंदा गावात कोणाच्याच पोटात आग नाही. म्हणे, दरसाल दुसऱ्या दिवशी सारे डबे घेऊन पळत, आम्हाले वाटे तो देवाचा परसादच हाय.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अर्थात एवढ्याशा तिखटाला भिणारे जिवाणू कमजोरच म्हणायचे. सगळ्या गावाचेच.

दुपारी इंद्रभानचा निरोप आला. पुढल्या सालापासून चव तो पाहील, वामनभाऊनं पंगतीत पाणी वाढावं. आशानं विचारलं, काय सांगू त्याले?
म्हटलं, हो सांग.