पाद्रीबाईंच्या गळ्यातले इलेक्ट्रॉन

धाकटे तौसाला,

ऑकलंडच्या थंडीत कुडकुडणाऱ्या तुला थोरल्या बहिणीचे ऊबदार आशीर्वाद. गुडघा काय म्हणतो? माझे दोन्ही ठणठणीत आहेत, म्हणून तर परवा तरातरा शाळेत जाऊन भांडून आले. (लिहिणारी आपली फेतू. अगं, मी सांगते तेवढंच लिही, नातीने आजीची भाषा सुधारू नये.)

तर त्या इओपू मास्तरने पोरांना घरच्या वस्तूंचा अणू करून आणायला सांगितलं. हिने नीरफणसाच्या चिकाने सहा लाल बिया आणि सहा पांढरे खडे चिकटवून गोळा केला. तो म्हणे गाभा. भोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी काथ्याची दोन कडी केली, लहानात दोन पिवळ्या कवड्या, मोठ्यात चार. गाभा उन्हात ठेवला, कडी खांबाला टांगली आणि बाईसाहेब पोहायला गेल्या.

तेवढ्यात अपियाहून पाद्रीबाई आल्या. आता पाहुणी आपल्या घरून उघड्या गळ्याने गेली, असं आजवर झालंय का? समोर काथ्यात ओवलेल्या कवड्या दिसल्या. मी मोठं कडं त्यांच्या गळ्यात घातलं, लहान डोक्यावर. बाई इतक्या हरखल्या की तशाच दुपारच्या बोटीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर विचारतो, "इलेक्ट्रॉन कुठायत?" ही म्हणाली, "बोटीने अपियाला गेले." वर्ग फिदीफिदी हसला आणि पोरीला शून्य! या गुणांवाचून तिला अपियाच्या मोठ्या शाळेत, विज्ञानाच्या वर्गात कोण घेणार?

मी गेले तर मला म्हणतो, "आजी, हार परत मागून आणा की." दिलेला हार परत माग! कुठल्या बेटावर वाढला हा? वर शिकवतो, की गाभा आणि इलेक्ट्रॉन यांच्यामध्ये काही नसतंच, सगळं पोकळ. चटई पोकळ, खांब पोकळ, मीसुद्धा पोकळ. मी त्याच्यासमोर दणकन चटईवर बसले. म्हटलं, "गेले का रे आरपार?" मग विचारलं, "बरं, तुझे ते रेणू कसे जुळतात?" म्हणाला, "अणू एकमेकांत इलेक्ट्रॉन वाटून घेतात, आजी. काही तर देऊनच टाकतात." "मग आम्ही दिले तर शून्य का?" खुदकन हसला. पण हट्टी! महिनाअखेरपर्यंत पुरा अणू आणा, म्हणे.

फेतू नवे इलेक्ट्रॉन लावायला निघाली होती. मी म्हटलं, खबरदार! रीतीने वागलो, चुकलो नाही. शून्य त्याने पुसावं.

तुझी थोरली

ता.क. इओपूची आई तुझ्याच चर्चमध्ये गाते ना? तिला सांग, फोनवर पोराला चांगला झाडून काढ. पत्र लिहायला घेतलं ते यासाठीच.

ता.क. २ (हे आजीने सांगितलेलं नाही. धाकट्या आजी, मास्तरांच्या आईशी काही बोलू नकोस. त्या दिवशी मी पोहून परतत होते, तेव्हा आजीचा हात आधी पेटीतल्या स्वतःच्या कवड्यांच्या हाराकडे गेला होता. मग मागे आला. म्हणून मी त्याच हारातल्या सहा कवड्या काढून अणू पुरा केला. आज मास्तरांनी पूर्ण गुण दिले. पांढऱ्या रविवारी, चर्चमधल्या मुलांच्या सणाला, आजी तो हार घालते. त्याआधी सहा पिवळ्या कवड्या पाठव. आजीला वाचता येत नाही, पण मोजता येतं.)