कादिझ बघण्यासारखं आहे का

बासिलिओ,

मसुराचं कालवण पातेल्यात आहे, गरम करून घ्या. कोंबड्यांना दाणे टाकायला विसरू नका.

मी धाकट्या बहिणीला, कासिल्दाला घेऊन कादिझला निघाले. तिथल्या पलटणीतून परतल्यापासून तुमचं एकच, “काय ठेवलंय तिथे? नुसता वारा नि खारं पाणी. तुला नाही आवडायचं.” मीही मान डोलवत आले.

यंदाच अक्षरं शिकले ना, काल बसच्या पाटीवर ‘कादिझ’ असं मी स्वतः वाचलं, कुणालाही न विचारता, आणि तिथल्या तिथे दोन तिकिटं काढली. कासिल्दा घाबरली. “ताई, दाजींना विचारलंस का?”

म्हटलं, “विचारलं होतं की. लग्नाच्या वर्षी.”

समुद्र बघण्यासारखा आहे की नाही, ते आता मी येऊन सांगेन. नाही आवडला, तरी रविवारच्या आधी येणार नाही.

एर्मिनिया