शिशाचा दिवा

११ फेब्रुवारी
शिसं! रुचिकाच्या रक्तात शिसं. डॉक्टर म्हणाले, "पोटदुखी त्यानंच. आधी कुठून येतं ते शोधा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही."
नऊ वर्षांची पोर.
शोधतोच. दुकानात मोटर बांधतो, जळालेल्या तारा नव्यानं गुंडाळतो; तेही मला कोणी शिकवलं नाही, पुस्तकं उघडून शिकलो. हेही शिकेन.

१३ फेब्रुवारी
बोअरचंच पाणी! दुसरं काय? आजपासून बंद. हापशीवरून भरायचं, आणि पोरीला फक्त तांब्याच्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यात, रात्रभर ठेवलेलं. बायकोला, साधनाला, बजावलं.
"भरतो जी. पण पोरगी बरी होईन ना?"

२० फेब्रुवारी
बोअर आणि हापशी, दोन्हीचं पाणी नागपूरच्या प्रयोगशाळेत दिलं. मीच भरलं, सांगितलं अगदी तसं.

२७ फेब्रुवारी
पोट पुन्हा. आधीपेक्षा जास्त.

४ मार्च
दोन्ही पाणी स्वच्छ म्हणे. खोटं! उद्या जातो. माझ्यासमोर मशीनला लावा म्हणतो.

५ मार्च
भुपेंद्र नावाचा मुलगा मशीन चालवतो. चिडला नाही, दाखवलं. मशीनच्या दिव्यात शिसंच असतं. त्याचा प्रकाश ज्योतीतून जातो. ज्योतीत पाण्याचा फवारा — पाणी उडतं, शिशाचे अणू सुटे होतात आणि तो प्रकाश गिळतात. दुसरा धातू त्याला शिवत नाही. जितका प्रकाश घटला तितकं शिसं. पटलं मला.
बोअर लावलं — आकडा हलला नाही. हापशी — नाही.
"तुझी मशीनच बंद पडून राहिली!"
तो हसला. "काकाजी, तुमची प्यायची बाटली द्या. तेही लावून पाहू."
घरून आणलेली. साधनाने गुंडातून भरलेली.
आकडा चढला. नळी धुऊन पुन्हा लावलं. पुन्हा चढला.
"कशातलं पाणी आहे हे, काकाजी?"
 दसऱ्याला गुंडाच्या बुडाला चीर गेली होती. दुकानातल्या सोल्डरचा डाग मीच दिला — आतून, जाड. मोटरच्या तारांना देतो तोच. साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. रिळावर छापलेलं असतं, मला पाठ आहे! थेंब गळत नाही म्हणून आल्यागेल्याला दाखवला. आधी पोरगी त्यातलं थोडंच प्यायची; बोअर बंद करून तिला सगळं पाणी त्यातलंच पाजलं.

६ मार्च
गुंड दुकानात आणून ठेवला. साधनाला अजून सांगितलं नाही. सकाळी हापशीवरून आली, बादली हातात धरूनच उभी —
"पोरीचं पाणी आता कायच्यात भरू जी? तुमीच सांगा. तुमाले समजते."