कुंकू लावलेली हरिणी

१ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. क्लेमेंटी, सिंगापूर. संध्याकाळी ७.१०
नवी वही. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आईच घरी शिकवायची. रोज रोजनिशी लिहून घ्यायची आणि काही खोटं सापडलं की खाली 'दुरुस्ती' लिहायला लावायची. आता तपासायला कोणी नाही, पण सवय चांगली आहे.

आज आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख डॉ. लिमनी मोठं काम दिलं. पुलाउ उबीन बेटावर हरीण दिसल्याची बातमी आहे. ते समोरच्या मलेशियातल्या जोहोरहून पोहत आलं की कोणाचं पाळीव सुटलं, हे केसांवरून कळेल. म्हणून झाडावर मचाण, खाली नकली हरिणी, आणि तिला पाहून खरं जवळ आलं की धनुष्यातून बोथट बाण. टोकाला रबराचा गोळा, त्यावर चिकटपट्टी, मागे नायलॉनची दोरी. हरणाला चापट बसल्याइतकंच लागेल, चार केस चिकटतील, दोरी ओढली की बाण परत.

माझीच निवड झाली, कारण बायोडेटात लिहिलंय: धनुर्विद्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिसरा क्रमांक. केस मिळाले तर प्रोजेक्ट दोन वर्षं वाढेल, माझा इथे राहायचा पासही. नाही मिळाले तर पास ३० तारखेला संपतो आणि मी पुण्याला परत. काळजीचं काहीच कारण नाही.

दुरुस्ती: स्पर्धेत तिघीच होतो.

३ नोव्हेंबर
सराव सुरू. आमच्या ब्लॉकखालच्या पाटीवर चेंडू खेळायला मनाई आहे. बाणांचं काही लिहिलेलं नाही, पण पाटीचा हेतू स्पष्ट आहे. म्हणून खोलीतच, बाण न लावता. शंभर वेळा. एकदाही नेम चुकला नाही.

५ नोव्हेंबर
नकली हरणाची सोय झाली. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते ते गोपीनाथकाका मरीन इंजिनिअर. म्हणाले, तीस वर्षं जहाजांची इंजिनं जगवली, एक हरीण नाही का उभं राहणार. प्लायवूडचा सांगाडा, थर्माकोलचं पोट, वरून काथ्याची सहा पायपुसणी. रंग अगदी हुबेहूब. मान जराशी बकरीची आली आहे. काकांची रुचिरा दहा वर्षांची. ती म्हणाली, looks like sofa lah. काकांनी दोन तास तिच्याशी बोलणं टाकलं.

७ नोव्हेंबर
हरिणी उद्या निघणार. स्मिताकाकूंनी तिला ओवाळलं. घरातून पोर बाहेर जाते ती अशीच पाठवायची का, म्हणाल्या. काथ्यावर कुंकू टिकेना, तर गुळाच्या पाण्यात कालवून कपाळभर लावलं. मी म्हटलं, अहो काकू, हे शास्त्रीय काम आहे. त्या म्हणाल्या, असू दे गं, शास्त्रालाही कुंकू लागतं. मग लक्षात आलं की यात सोयच आहे. मचाणावरून दोन हरणं दिसली तर कुंकू असेल ती आपली, नसेल तो नमुना. टिपणवहीत पद्धत म्हणून नोंदवलं.

८ नोव्हेंबर
हरिणीला घेऊन आधी MRT मेट्रो, मग बस, मग चांगीचा धक्का. सिटी हॉल स्टेशनला एका आजींनी उठून तिला जागा दिली. बोट बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. अकराच होतो. नावाड्याने हरिणीला बारावी धरलं आणि इंजिन सुरू केलं.

मचाण उत्तम. मला उंचीची भीती अजिबात वाटत नाही. डोळे मिटून चढले की झालं.

९ नोव्हेंबर, मचाणावर, दुपारी ४.३०
शांतता, एकाग्रता. काकूंनी दिवाळीचा डबा दिलाय. चकली चावल्यावर जंगलात फार आवाज होतो. एक माकड आणि एक सायकलवाला वळून बघून गेले. संकल्प: इथे फक्त बेसनाचे लाडू.

१० नोव्हेंबर
दिवाळी. सुट्टी घेतली. हरीणही आज येणार नाही असं वाटलं.

१२ नोव्हेंबर
हरीण नाही. वारा उलटा होता.

१३ नोव्हेंबर
हरीण नाही. वारा सुलटा होता, पण मी केसांना तेल लावलं होतं. संकल्प: तेल बंद.

१४ नोव्हेंबर
पाऊस. काकूंनी हरिणीसाठी प्लास्टिक दिलं होतं, ते डोक्यावर बांधलं. कुंकू शाबूत. मला सर्दी. डॉ. लिमनी फोनवर विचारलं, प्रगती कशी आहे. म्हटलं, हरणाला आमची सवय होते आहे.
दुरुस्ती: हरणाला सवय होते आहे की नाही हे मला माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, मचाणावर, संध्याकाळी ६.३५
झालं.

क्रमाने लिहिते. ५.१० ला सर्दीची गोळी घेतली. ५.२० पासून ध्यान. शिकाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावं असं माझं स्वतःचं मत आहे. ६.०५ ला डोळे उघडले आणि खाली हरीण. कपाळ कोरं, कुंकवाचा ठिपकाही नाही. म्हणजे खरं. आपली हरिणी दिसेना, ती त्याच्या मागे झाकली गेली असणार. मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली, दोनदा, आणि बाण सोडला. बरोबर खांद्यावर लागला. धन्य ते जनावर, जागचं हललं नाही. फार धीराचं. दोरी ओढून बाण वर घेतला, तर पट्टीवर तांबूस, राठ केस. चारच नव्हे, झुपकाच.

मग मुद्दाम पाच मिनिटं डोळे मिटले, त्याला संकोच न वाटता जाता यावं म्हणून. उघडले तेव्हा ते गेलं होतं आणि आपली हरिणी होती तिथेच उभी होती. तिचंही कुंकू गेलेलं दिसलं. हवाच दमट आहे. जागेचे दोन फोटो काढले.

दुरुस्ती: डोळे ६.०५ ला नव्हे, ६.०७ ला उघडले.

१७ नोव्हेंबर
पाकीट चिठ्ठी लावून लॅबमध्ये दिलं. डॉ. लिमनी हात मिळवला. आईला फोन केला. काकांनी आईस्क्रीम आणलं.

हरिणी घरी परत. काकू म्हणाल्या, बिचारीचं दिवाळीचं अभ्यंगस्नान राहिलं जंगलात, आणि मळलीय बघ किती. मला पटलं. कृतज्ञता म्हणून पाठ मीच चोळली. तेल, उटणं, गरम पाणी. मानेवरून मऊ पिंगट केस बरेच निघाले. काथ्या इतका गळत असेल असं वाटलं नव्हतं. मोरीच्या जाळीतून काढून कचरा खाली टाकायच्या चूटमध्ये टाकले. मोरी स्वच्छ केली. मग हरिणीला खिडकीबाहेर कपड्यांच्या बांबूवर वाळत घातलं. नवव्या मजल्यावर ती फार छान दिसते.

२० नोव्हेंबर
पास वाढल्यावर करायच्या गोष्टी: पोहणं शिकणे, चिनी शिकणे, नवं धनुष्य. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मेधाताईंना धनुर्विद्या शिकवायचं कबूल केलं आहे. त्यांनी विचारलं नव्हतं, पण त्या मनातलं बोलत नाहीत.

२६ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. एक ओळ. प्राण्याचे केस नाहीत. वनस्पतीचा तंतू, नारळ.

लॅबमध्ये पाकिटांची अदलाबदल झाली असणार. इतकी माणसं, इतकी पाकिटं.

दुरुस्ती: माझ्या पाकिटावर माझंच अक्षर आहे.

२७ नोव्हेंबर
डॉ. लिमनी माझे १६ तारखेचे फोटो मागितले. भिंग लावून पाहिले. हरिणीच्या पुढच्या पायांपाशी ओल्या मातीत खुरांचे ठसे आहेत, थेट तिच्या तोंडापर्यंत. त्यांनी विचारलं, कपाळाला काय लावलं होतं. मी म्हटलं, कुंकू. आणखी काय. मी म्हटलं, गूळ. त्यांनी भिंग पुन्हा फोटोतल्या कपाळावर धरलं. मग म्हणाले, हरीण आलं होतं, त्याने ते चाटलं, मान घासली. म्हणजे त्या पायपुसण्यात त्याचे केस अडकलेले असणार. तुझं नशीब चांगलं आहे, आत्ताच्या आत्ता घेऊन ये.

मी आत्ताच्या आत्ता गेले नाही. टिपणवही उघडली आणि अभ्यंगस्नानाची नोंद वाचून दाखवली. वेळ, पाण्याचा गरमपणा, उटण्याचं प्रमाण, सगळं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढ्या काटेकोर नोंदी त्यांनी कोणाच्या पाहिल्या नाहीत असं म्हणाले.

घरी आल्यावर काकू आणि मी हरिणीला चादरीवर आडवं करून कंगव्याने विंचरलं. उटण्याचा वास आला. काकूंचे डोळे भरले. मीच मेली हौशी, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो काकू, पाठ मी चोळली.

३० नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८.१५
प्रोजेक्ट बंद. दुपारचं विमान. काकांनी पेटी बांधून दिली. हरिणी सोडवून सहाही पायपुसणी मजल्यावरच्या शेजाऱ्यांना वाटली, एक आपल्या दाराशी ठेवलं. रुचिराने मराठीत विचारलं, जाईताई, परत कधी येणार.

काकूंनी हातावर साखर ठेवली आणि कुंकू लावलं. गुळात कालवलेलं नाही ना, हे मी विचारलं नाही.

आईचा फोन येऊन गेला. ती म्हणाली, जाऊ दे पास, शेवटी हरीण तरी पाहिलंस ना डोळ्यांनी. मी म्हटलं, हो, अगदी जवळून.

दुरुस्ती: नाही पाहिलं. १६ तारखेचं ते ध्यान नव्हतं. झोप लागली होती.