गोल झाला की केला

गुरुजी, गोल झाला म्हणे. जशी सकाळ झाली, संध्याकाळ झाली, तसा आपोआप. माझ्या लेकीनं मधल्या रेघेपासून चेंडू आणला, दोघींना चुकवलं, तिसरीला खांदा लावला आणि डाव्या पायानं मारला. मी बाजूलाच उभी होते. त्या एका गोलावर परंड्याच्या पोरी जिंकल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा काय, तर जिल्ह्याच्या गावातल्या त्या मोठ्या शाळेचा 'दुर्दैवी पराभव'. त्यांच्या पोरींनी झुंजार चढाया केल्या, सुरेख फटके मारले, सगळं त्यांनीच केलं. आणि 'परंड्याकडून एक गोल झाला'. जिंकलं कोण ते शेवटच्या ओळीत. त्याच्या वर आणखी, परंड्याच्या नऊ नंबरच्या खेळाडूनं 'धसमुसळा खेळ केला'. नऊ नंबर माझ्या लेकीचा. बघा तुम्हीच. गोल झाला, पण धसमुसळा खेळ तेवढा केला.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण हे मला दिसलं, कारण ते तुम्ही दाखवलं होतं. शाळेतला माठ माझ्या हातून पडला, मी दारात उभी राहून म्हटलं, माठ फुटला गुरुजी. तुम्ही पेन खाली ठेवलं. "फुटला का फोडलास? माठाला काय पाय हायेत, स्वतःच जाऊन पडायला?" सगळा वर्ग खिदळला. "झालं म्हणायच्या आधी, कुणी केलं ते सांगायचं, पोरी."

म्हणून बातमीदाराला फोन लावला, नंबर खेळाच्या सरांकडून घेतला. तो म्हणतो, "मावशी, जागा कमी असती. आन् गोल झाला म्हंजे झालाच की. न्हाय झाला असं छापलंय का?" मी विचारलं, तुमची लेक त्या शाळेत शिकती का? त्यानं फोन ठेवला. शिकत असणार. नाहीतर ठेवला कशाला?

लेकीला त्याचं काही नाही. "अम्मी, गोल माझाच हाय, पेपरात कसा का असंना," म्हणते आणि बूट धुवायला घेते. पण घरात थोरल्या दिरांनी ती बातमी दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. "पेपर में छपके आया, लडकी धसमुसळी है. अब रिश्ता कौन लाएगा? बास झालं फुटबॉल." मालक माझे भावापुढं बोलत नाहीत. शुक्रवारी सर लातूरच्या सामन्याची नावं घेणार. दिरांनी मान डोलावली तर पोरगी जाणार, नाहीतर बूट माळ्यावर.

दिरांना मी सांगून बघितलं की छापलेलं वाकडं असू शकतं. ते हसले. "आम्ही गुरुजींच्या हाताखाली शिकलोय. गुरुजी स्वतः पेपरात लिवायचे. ते काय खोटं लिवत होते?"

इथंच माझी गाडी अडली आहे. कारण तुम्ही लिहायचात, गुरुजी. शाळा सुटल्यावर त्याच टेबलावर बसून, कुर्डुवाडीच्या एसटीनं बातमीचं पाकीट पाठवायचात. बापानं मला शाळेतून काढली तेव्हा वाचणं विसरू नये म्हणून वाचून झालेला पेपर रोज घरी पाठवणारेही तुम्हीच. त्यातल्याच एका पेपरात किल्ल्याजवळच्या मैदानावरच्या सामन्याची बातमी होती, तुम्ही लिहिलेली. पेठेतल्या पोरांनी 'जोरदार चढाई केली'. आमच्या मोहल्ल्यातली पोरं 'अंगावर धावून गेली'. माझा भाऊ त्यात होता. त्याची नडगी सोलून निघाली होती, मी हळद लावत बसले होते. रस्त्यात तुम्ही भेटलात तेव्हा मी विचारलं. तुम्ही चष्मा पुसलात. "तशी लिवायची पद्धत असती, पोरी." आणि निघून गेलात. तुमच्याकडून घाईचं उत्तर मला तेवढं एकच मिळालं. तेव्हा मला वाटलं, मलाच कळत नसेल. आता वाटतं, तुम्हाला कळत होतं. का नव्हतं? पेठेतल्या कुणी सांगितलं होतं, की कुणी न सांगताच हात तिकडं वळला? कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

दिरांना पटेल अशी एकच गोष्ट माझ्याकडं आहे. इतका सरळ माणूस, त्याच्याही लिहिण्याला कल होता, मग हा कालचा बातमीदार कोण लागून गेला? पण ते बोलायचं म्हणजे जेवणाच्या ताटावर तुमचं नाव घ्यायचं, तुम्ही उत्तर द्यायला या जगात नसताना. दिरांच्या मनातले गुरुजी त्यानंतर तसेच राहणार नाहीत. माझ्याही.

हे टपालात पडणार नाही, मला कळतंय. आणि एक सांगते, बाकी कुणापुढं बोलायची नाही: तुम्ही नुसतं 'मुद्दाम नव्हतं' म्हणालात तरी मी मानीन, पुढं एक शब्द विचारणार नाही. पण नाव घेऊ का नको, ते गुरुवारी दिवेलागणीच्या आत सांगा. नाही सांगितलं तर मी घेणार.