चौदा मुकी पाखरं

ती. ताईला नमस्कार. नमस्कार केला म्हणजे राग गेला असं समजू नकोस. राग आहे आणि तो भरपूर आहे. दीड महिना झाला, तू मला फोन करत नाहीस. कारण काय, तर तू फोनवर काहीतरी सांगितलंस आणि मी "बरं झालं, सुटलीस एकदाची" म्हणाले. त्यावर तू तासभर रडलीस म्हणे. हे तुझ्या सुनेकडून कळलं, ती बाजारात भेटली तेव्हा. आता यात मी वाईट काय बोलले? सुटलीस म्हटलं, अडकलीस तर नाही म्हटलं. असो. तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे (हे पुढे खोटं निघेल, पण पत्राच्या सुरुवातीला असंच लिहितात).

तर माझं काय झालं ते ऐक. तुला ठाऊक आहे, डब्यांचा कारखाना सुटल्यापासून मी कॉलेजातल्या पाखरांच्या खोलीत कामाला आहे. चिमणीहून लहान, लाल चोचीची पाखरं. चौदा पिंजरे. झाडायचं, पाणी बदलायचं, दाणे घालायचे, आणि सकाळी वहीत प्रत्येक पिंजऱ्यापुढे पाखरू गायलं तर बरोबरची खूण, नाही गायलं तर शून्य. एवढंच लिहायचं, म्हणून तर मला ठेवलं, नाहीतर माझं शिक्षण तुला माहीत आहे. मॅडम तिथे गाण्याचा अभ्यास करतात. त्या म्हणतात, हे पाखरू गाणं पोटातून घेऊन येत नाही, बापाचं ऐकून शिकतं. लहानपणी कानावर पडलं नाही तर जन्मभर भलतंच गातं. (आपल्याला बाबांनी फक्त ओरडणं शिकवलं, आणि आपण दोघी ते बिनचूक शिकलो.)

गेल्या महिन्यात एकेक पाखरू गप्प व्हायला लागलं. आधी तीन, मग सात, मग सगळी चौदा. चोची उघडायची, गळा फुगायचा, आवाज नाही. मी इमानदारीने शून्यं लिहिली. अकराव्या दिवशी मॅडमनी वही बघितली आणि पांढऱ्याफटक पडल्या. (त्या दुपारी येतात, आणि माझ्याखेरीज दुसरं माणूस दिसलं की पाखरं तशीही गात नाहीत.) दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार म्हणून त्यांनी दाणे बदलले, पाणी उकळून दिलं, जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्या बिचाऱ्याने बॅटरी घेऊन चौदा चिमुकले घसे तपासले आणि सगळे उत्तम आहेत असं लिहून दिलं. मी म्हटलं, डॉक्टरला काही कळत नाही. शहाणपण माझ्याकडे पहिल्यापासूनच जास्त. मग मीच इलाज काढला. रोज झाडू टेकवून पिंजऱ्यांपुढे उभी राहायचे आणि मोठ्याने गायचे. आणि तरी तोंड उघडेनात तेव्हा शिव्या घालायचे.

त्या खोलीत छताला आवाज टिपणारं यंत्र आहे हे मी विसरले होते (रोज त्याचीच धूळ पुसत असूनही). शेवटी मॅडमनी त्यात टिपलेलं सगळ्या विद्यार्थ्यांसमोर लावलं. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. पाखरांचं गाणं म्हणजे बारीक नक्षीकाम, आणि मध्येच माझं गाणं, जशी नक्षीवरून म्हैस गेली. मला काय ऐकू आलं सांगू? फक्त मी. "गिळायला येतं, गायला येत नाही होय रे मुक्यांनो," एवढंच. बाकी सगळे हसत होते, आणि मॅडम हसत नव्हत्या. त्या जवळ आल्या, माझ्या तोंडासमोर तोंड आणून हळू म्हणाल्या, "मावशी, चौदाही गातायत. तुमच्या शिव्यांवरून गातायत."

मग मला कान तपासायला पाठवलं. काचेची खोली, कानावर टोप्या, आवाज आला की बटण दाबायचं. मी हार मानणारी आहे का? काचेपलीकडच्या बाईचा हात हलला की मी बटण दाबायचे. पैकीच्या पैकी. तिने काय केलं, उठून माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग मी अंदाजाने दाबत राहिले, आणि ती बाहेर चहा प्यायला गेली होती तेव्हाही दाबत होते. कागदावर माझ्या ऐकण्याची रेघ आली ती जिन्यावरून घसरलेल्या माणसासारखी. कानात आत बारीक केस असतात म्हणे, बारीक आवाजाचे अगदी दाराशी, पायपुसण्यासारखे, तेच आधी झिजतात. अठरा वर्षं पत्रा ठोकणाऱ्या यंत्राशेजारी बसले, आणखी काय होणार? पाखरांचे ते केस गेले तर परत उगवतात, माणसाचे नाही. जाड आवाज मला अजून येतात. म्हणजे नवरा स्पष्ट ऐकू येतो आणि तुझा चिरका आवाज येत नाही. देवाने हिशेब उलटा केला. नवऱ्याला विचारलं, तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? म्हणाला, मला वाटलं तू मुद्दाम करतेस, लग्नापासून तशीच वागतेस.

मॅडमनी कामावरून काढलं नाही. वही मात्र काढून घेतली. कळावे, लोभ असेल तर असू दे.

तुझी धाकटी बहीण

ता. क. त्या दिवशी तू फोनवर काय सांगितलंस, ते मला ठाऊक नाही. शब्द ऐकूच आला नाही. तुझा सूर लांबलचक होता, म्हणून अंदाजाने "बरं झालं" म्हणाले. वर्षभर मी फोनवर असंच बटण दाबत आले आहे. तुझ्या सुनेला विचारलं तर म्हणाली, घरात माणसं सगळी धडधाकट आहेत, बाकीचं तुम्हीच त्यांना विचारा. म्हणून विचारते. वरचा राग खोडायला जागा नाही, तो वाचू नकोस.

ता. क. दुसरा. येत्या शनिवारी कानात यंत्र बसवणार आहेत. ते जुळवताना लहानपणापासून ओळखीच्या माणसाने समोर बसून बोलायचं असतं. तसं माणूस तूच उरलीस. ये, आणि त्या दिवशीचं तेच परत सांग. आधी ऐकेन, मग बोलेन. येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळव. पत्राने कळव, फोन करशील तर मी पुन्हा "बरं झालं" म्हणेन.