लव्हनेस मुतासा कोण?

रुसापे, रविवार

प्रिय शमिसो,

माझा प्रोग्राम पास झाला गं! अख्ख्या झिम्बाब्वेत आज माझ्याइतकी खूश पोरगी नसेल. तुला सांगितल्याशिवाय पोटात राहीना.

ए-लेव्हलच्या कॉम्प्युटर सायन्सला नुसता पेपर लिहून भागत नाही, हे तुला काय सांगायचं. खऱ्या माणसाच्या कामाचा प्रोग्राम लिहायचा आणि त्याने ‘चालेल’ म्हणायचं, नाहीतर प्रोजेक्टचे गुण गेले. मी दवाखान्यातल्या सिस्टर गुंबोंना धरलं. लस टोचायला बाळं घेऊन येणाऱ्या बायांचे नंबर लावायचे. पडद्यावर नाव आलं की सिस्टरनी पुकारायचं. आपल्या चिकोरे मॅडम प्रोजेक्ट तपासायला आल्या त्या दिवशी वीजसुद्धा होती, बोल आता!

पहिलं नाव आलं, लव्हनेस मुतासा. सिस्टरनी पुकारलं, पुन्हा पुकारलं. बाया मक्याच्या लाह्या खात एकमेकींकडे बघतायत, उठत कुणीच नाही. पुढच्या नावालाही तेच. सिस्टर म्हणाल्या, “पोरी, तुझं यंत्र भुतांना बोलावतंय.” मॅडमचा चेहरा तर विचारूच नकोस. शेवटी आपल्याच वयाची एक मुलगी, पाठीशी बाळ बांधलेली, चाचरत उठली. म्हणाली, “लव्हनेस मीच. कुदा झाल्यापासून सगळे कुदाची आईच म्हणतात. माझं नाव आलंय हे लक्षातच आलं नाही.”

मी लसीच्या कार्डावरची, बायांची स्वतःची नावं भरली होती! मूल झालं की आपल्याकडे बाईचं नाव घेतं कोण? इथेच वाढून मी हे विसरले. तिथेच बसून नवा रकाना घातला, ‘कुणाची आई’. तातेंडाच्या आया दोन निघाल्या, म्हणून गावही घातलं. मग बाया पटापट उठू लागल्या. सिस्टर म्हणाल्या, चालेल, पण यंत्र आता इथेच ठेवून जा.

नाचतच घरी आले, पण ती लव्हनेस डोळ्यांपुढून हलेना. पनाशे झाल्यापासून तुलाही तुझ्या नावाने कुणी हाक मारत नसेल. म्हणून हे पत्र. तुला शाळेत परत घेणार, हे मॅडमनी मुख्याध्यापकांकडून पक्कं करून घेतलंय. पनाशेला माझी मावशी सांभाळेल, ती आपणहून म्हणाली. तुझ्याशिवाय मला वर्गात करमत नाही गं. मॅडम हजेरीत अजून ‘शमिसो चिगोवा’ पुकारतात आणि मी मान खाली घालते. नवं सत्र सुरू होतंय. या वेळी ओ तू दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
विंबाई